गोळी एकटी लढत नाही

साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील लहान कारखान्यांत धूळ-धुरात राबणाऱ्या कामगाराला खोकला जडला, की दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून तो दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या घेतो आणि कामावर जातो. रोग केवळ गोळीने जातो, ही त्याची समजूत. सुशिक्षितांचीही याहून निराळी नाही. विज्ञान मात्र वेगळे सांगते.

पेनिसिलिन हाती येण्यापूर्वीच, १९२२ मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अश्रू व नाकातील स्राव यांत जिवाणूंना विरघळविणारे लायसोझाइम हे प्रथिन असल्याचे दाखविले होते. फुप्फुसांतही असे पहारेकरी असतात. त्यांपैकी ‘एलएल-३७’ हा प्रथिनाचा लहानसा तुकडा जिवाणूच्या आवरणाला खिंडार पाडतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या, न्यूमोनियास कारण होणाऱ्या जिवाणूंवर अझिथ्रोमायसिन नेहमीच्या चाचणीत निष्प्रभ ठरे. एलएल-३७ ची जोड मिळताच तेच औषध त्यांचा संहार करू लागले. खिंडारातून त्याला आत शिरता आले.

उलटही घडते. रक्तातील अल्ब्युमिन काही प्रतिजैविकांना बांधून ठेवते, आणि बांधलेले औषध जिवाणूवर चालत नाही. म्हणून परीक्षानळीतील निकाल हा रोग्याच्या देहातील निकाल असतोच असे नाही. अर्थात, यावरून वाटेल ती गोळी चालेल असा अर्थ कोणी काढू नये. चाचणी व वैद्याचा सल्ला यांविना घेतलेले औषध जिवाणूंना केवळ शहाणे करते. २०१२ च्या आरंभी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे क्षयरोगी जगापुढे आणले, तो इशारा विसरण्याजोगा नाही.

अर्थशास्त्रात पेन आणि शाई यांना पूरक वस्तू म्हणतात. एकीवाचून दुसरी व्यर्थ. औषध आणि देहाची प्रतिकारशक्ती यांचे नाते तसेच आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांना औषधांबरोबर शिधाही देण्यात आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी आढळले. याचे सारे श्रेय एखाद्या प्रथिनाला देता येणार नाही. पण अर्धपोटी देह औषधाला साथ देऊ शकत नाही, एवढे निश्चित.

तेव्हा औषधांवरील खर्च हाच आरोग्यावरील खर्च, हा हिशेब बदलला पाहिजे. कामगाराच्या ताटातील डाळ, कारखान्यातील धुळीचा बंदोबस्त आणि आजारपणाची भरपगारी रजा या बाबी दयाधर्माच्या नव्हेत. त्या औषधाच्या किमतीतच मोडतात. आज ती किंमत आपण चुकवीत नाही, इतकेच.