कन्नडहून मुंबई किती तास?

छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठते. त्या हिशेबाने ते वीस-बावीस मिनिटांत पोहोचायला हवे, पण वेळापत्रकात तास-सव्वा तास दिलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि पुन्हा उतरणे यातच बराच वेळ जातो. जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाचा टप्पा थोडाच मिळतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी उतरण्यासाठी घिरट्या घालाव्या लागतात त्या वेगळ्याच.

मात्र हा झाला विमानतळ ते विमानतळ असा हिशेब. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडच्या प्रवाशाचा हिशेब घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. कन्नडपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ मात्र शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर. म्हणजे सत्तरेक किलोमीटरचा रस्ता आणि शहराची कोंडी पार करून प्रवासी विमानात बसतो, तेव्हा तो मुंबईपासून दहा किलोमीटर आणखी लांब गेलेला असतो. या रस्त्याला दीड-दोन तास, चेक-इन तासभर आधी बंद होत असल्याने तेवढे आधी पोहोचणे, आणि मुंबईत उतरल्यावर सामान व वाहतूक. सगळे धरले तर पाच-सहा तास सहज होतात. औट्रम घाट उतरून चाळीसगावला रेल्वे पकडणाराही यापेक्षा फार मागे राहत नाही, आणि त्याचे तिकीट बरेच स्वस्त पडते.

दिल्लीचा हिशेब वेगळा. तिथले हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आतबाहेर आहे, विमानाला दोन तास लागतात आणि सचखंड एक्सप्रेसला वीस तासांहून अधिक. विमानतळ गाठण्याचे ओझे दोन्ही प्रवासांत सारखेच, पण लांबच्या प्रवासात वाचणारा वेळ ते भरून काढतो. मुंबईच्या प्रवासात तेच ओझे सगळी बचत खाऊन टाकते.

म्हणून हवाई सेवेची मागणी करताना लोकप्रतिनिधींनी दोन गोष्टी वेगळ्या मांडायला हव्यात. दिल्ली, बेंगळुरूसारख्या लांबच्या शहरांसाठी उड्डाणे वाढवणे रास्त आहे. मुंबईसाठी मात्र कन्नडसारख्या तालुक्याचा खरा लाभ जमिनीवर आहे. उड्डाणांच्या वेळा पाहून कन्नड ते चिकलठाणा थेट एसटी सोडता येईल, त्याला नवी धावपट्टी लागत नाही. औट्रम घाटाचा प्रश्न अधिक जुना. ऑगस्ट २०२१ मध्ये अतिवृष्टीने दरडी कोसळून हा रस्ता बंद पडला होता. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे अवजड वाहनांना बंदी आली. बोगद्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. चाळीसगावचे स्थानक खात्रीने आणि वेळेत गाठता येणे, ही कन्नडसाठी मुंबईच्या आणखी एका विमानापेक्षा मोठी सोय ठरेल. विकास आराखड्यात विमानतळांमधले अंतर जरूर नोंदवावे. त्याच्या शेजारी प्रत्येक तालुक्यापासून तिथे पोहोचायला लागणारा वेळही नोंदवला, तर पैसा कुठे आधी घालायचा हे ठरवणे सोपे होईल.