व्यायामाला निघताना कान उघडे ठेवा

फजरनंतर फिरायला निघणाऱ्या भगिनी असोत की मैदानावर पळायला जाणारी मुले, आता बहुतेकांच्या कानात काहीतरी असते. कोणी तिलावत ऐकते, कोणी बयान, कोणी क्रिकेटच्या गप्पा. शाळेत मुले विचारतात, “टीचर, कोणता हेडफोन घेऊ?” दुकानदार बॅटरी आणि बास यांबद्दल सांगतो. पण व्यायामासाठी घ्यायचा असेल तर आधी हे ठरवा, की तुम्ही पळणार कुठे?

घरात किंवा जिममध्ये कान पूर्ण बंद करणारे इअरबड चालतील. रस्त्यावर मात्र मागून येणारी रिक्षा, सायकलची घंटी, कुत्र्याचे भुंकणे ऐकू आलेच पाहिजे. बाहेरचा आवाज दाबणारी ‘नॉइज कॅन्सलिंग’ सोय रेल्वेत बरी, रस्त्यावर घातक. तिथे कान मोकळा ठेवणारा प्रकार घ्या. ‘बोन कंडक्शन’ हेडफोन कानाच्या पुढे हाडावर टेकतो आणि कंपनाने आवाज आत पोचवतो. तो महाग वाटला तर साधा इअरबड एकाच कानात घाला. सायकल चालवताना तर दोन्ही कान रिकामेच बरे.

दुसरी गोष्ट घामाची. खोक्यावर ‘आयपीएक्स४’ लिहिले असेल तर सर्व बाजूंनी उडणारे पाणी तो सोसतो. ‘आयपीएक्स७’ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. तरीही तो पोहायला नेऊ नका; ब्लूटूथच्या लहरी पाण्यात फार दूर जात नाहीत. व्यायामानंतर घाम पुसा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच चार्जिंगला लावा.

तिसरी गोष्ट म्हणजे पकड. अनेक इअरबडसोबत रबरी टोप्यांचे तीन आकार मिळतात. दोन्ही कानांना वेगवेगळा आकार लागू शकतो. कानात घालून मान हलवा, जागच्या जागी उड्या मारा. ओढणी किंवा स्कार्फ बांधणाऱ्या भगिनींनी बोट लावताच चालणारा इअरबड टाळावा. कापड घासले की फोन आपोआप लागतो किंवा बंद होतो. त्यापेक्षा दाबायचे बटण असलेला नेकबँड सोयीचा.

सर्वांत मोलाचा मुद्दा आवाजाचा आहे. कान मोकळा असला की रहदारीच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवण्याचा मोह होतो. बोन कंडक्शनमध्येही आवाज शेवटी आतल्या त्याच नाजूक पेशींपर्यंत जातो, आणि त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत, अशी मर्यादा सांगितली आहे. ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. मोठ्यांना ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. अनेक फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधता येते. मुलांच्या फोनवर ती आजच लावून द्या.

कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटले किंवा बोलणे अस्पष्ट ऐकू आले तर हेडफोन बाजूला ठेवा. ते थांबले नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. हेडफोन बिघडला तर नवा आणता येईल, कान कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.