तपासणीच्या टेबलावरही संमती हवीच

कडाव परिसरातील कातकरी, ठाकूर वाड्यांतील किती तरी भगिनी दुखणे अंगावर काढतात. 'अडाणी आहेत, लाजतात' असे म्हणून व्यवस्था हात झटकते. हे आम्हांस मान्य नाही.

आतून केलेल्या तपासणीची वेदना एकट्या उपकरणाची नसते. मनात भीती असली की ओटीपोटाखालचे स्नायू आवळतात, त्यामुळे तपासणी अधिक दुखते आणि त्या आठवणीने पुढच्या वेळी भीती वाढते. पूर्वी अत्याचार झालेला असेल तर जुनी जखम पुन्हा उघडते. त्यात पडदा नाही, काय करणार ते सांगितलेले नाही आणि वर 'गप्प पडून राहा' हा दम! जिला पिढ्यान् पिढ्या अरेतुरेनेच बोलावले गेले, ती डॉक्टरांना 'थांबा' म्हणणार कशी?

तपासणी हा सत्तेचाही प्रश्न असतो. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात अत्याचार झालेल्या मथुरा या आदिवासी मुलीची दोन बोटांची तपासणी झाली. तो वैद्यकीय निष्कर्ष निकालपत्रात उतरला आणि पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले. या चाचणीविरुद्ध सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली अहवाल मांडला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करते असे म्हटले. २०२२ साली ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले.

हे संरक्षण पीडितेपुरतेच आहे काय? मुळीच नाही. समीरा कोहली खटल्यात केवळ निदानासाठी दुर्बीण तपासणीस संमती दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय, ती भुलीखाली असताना, आईच्या होकारावर काढले गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती संमती अवैध ठरवली. सज्ञान स्त्रीच्या शरीराबाबत तिचाच होकार लागतो, तोही समजावून सांगितल्यानंतरचा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेनुसार पुरुष डॉक्टर तपासत असताना सोबत स्त्री असावी, असे रुग्ण स्त्री सांगू शकते.

डॉक्टरांवर कामाचा ताण आहे, हे आम्ही जाणतो. पण दोन वाक्ये समजावून सांगायला, पडदा ओढायला, अंगावर चादर द्यायला आणि 'दुखले तर सांगा, मी थांबतो' म्हणायला किती वेळ लागतो? धीर मिळाला की स्नायू सैल पडतात, तपासणी लवकर उरकते आणि ती बाई पुन्हा दवाखान्यात येते.

म्हणून कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्यातील प्रत्येक आरोग्य केंद्रात रुग्ण हक्कांची सनद मराठीत ठळक लावावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आशाताईंनी ती वाडीवर जाऊन समजावून सांगावी. आणि भगिनींनो, टेबलावर चढण्यापूर्वी 'काय करणार आहात?' असे जरूर विचारा. अनुच्छेद २१ ने दिलेला सन्मान दवाखान्याच्या दारात सोडून यायचा नसतो.