नेम आणि नंबर

भाच्याला वाढदिवसाला एअर रायफल हवी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. खरा प्रश्न रविवारी फूलबागेत, राणीच्या समाधीसमोर बाहेर आला.

"मामा, तिच्यावर दुर्बीण कोणती लावू? एकच अशी सांग, की सगळीकडे चालेल."

मोबाइलवर त्याने ३-९×४० लिहिलेली एक पसंतही करून ठेवली होती. म्हणजे लक्ष्य तीनपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. जगभर शिकारी लोकांची ही आवडती जोडी: झाडीत तीन, मोकळ्या माळावर नऊ. पण आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. राहतं ते दहा मीटरवरचं कागदी लक्ष्य, आणि तिथे हीच दुर्बीण अडते. यांतल्या बऱ्याच शंभर यार्डांच्या हिशेबाने जुळवलेल्या असतात. जवळचं त्यांतून धूसर दिसतं आणि डोळा जरा सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकते.

शिवाय स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का विचित्र असतो, आधी मागे आणि लगेच पुढे. त्या पुढच्या झटक्याने साध्या दुर्बिणीच्या आतलं सगळं ढिलं होतं. कॉलेजात असताना पैसे साठवून मी अशीच एक घेतली होती. पंधरा दिवसांत प्रत्येक छर्रा वेगळ्या दिशेला जाऊ लागला. मला वाटलं, आपला डोळाच अधू आहे. बंदूक माळ्यावर गेली ती गेलीच. दोष दुर्बिणीचा होता हे फार वर्षांनी कळलं.

म्हणून कुणाला मागे भक्कम भिंत बघून नुसते डबेच पाडायचे असतील, तर २-७×३२ पुरे. मात्र दहा मीटरपर्यंतचं अंतर जुळवता येणारी आणि स्प्रिंगच्या एअरगनसाठी बनवलेलीच घ्या.

"पण मला स्पर्धेत उतरायचंय. स्वप्नील कुसाळेसारखं."

"मग दुर्बीण घेऊच नकोस."

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते ५० मीटरवर, दुर्बिणीशिवाय. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. दहा मीटर एअर रायफलला तर तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका!

पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण माझा नंबर वजा तीन आहे ना." म्हणजे दुर्बिणीचा हट्ट हौसेचा नव्हता. चष्मेवाल्याला हा खेळ जमत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

मी खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढलं, किल्लीच्या टोकाने त्याला बारीक भोक पाडलं आणि म्हटलं, "चष्मा काढ. त्या पाटीवरचं वाच." नुसत्या डोळ्यांनी त्याला अक्षरं दिसेनात. भोकातून बघितल्यावर एकेक करत सगळी ओळ वाचली. बारीक छिद्रातून प्रकाशाचे मोजकेच किरण डोळ्यात जातात, त्यामुळे धूसरपणा कमी होतो. स्पर्धेच्या रायफलीवर मागे असतं ते हेच: छोटं भोक, ज्याला नेमबाज पीप साइट म्हणतात. पुढे नळीच्या टोकाशी एक कडं. भोकात कडं, कड्यात काळं लक्ष्य, वर्तुळात वर्तुळ. नजर पुढच्या कड्यावर ठेवायची. लक्ष्य थोडं पुसट दिसलं तरी चालतं. आणि चष्मा लावायला नियमांची आडकाठी नाही.

समाधीकडे बघताना सहज आठवलं. १८५७ च्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, तिच्या पाठीवरच्या शिडीची कुणी सांगत नाही. शंभर ते चारशे यार्डांसाठी पायऱ्या, त्यापुढे पट्टी उभी केली की नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा. सगळीकडे चालेल अशी सोय तेव्हाही हवी होतीच. फक्त त्यात काच नव्हती, अंतर ओळखायचं काम डोळ्यांचंच.

आणखी एक, आपल्या मंडळींसाठी. देशाची नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. अहमदाबादेत स्थायिक झालेला मराठी माणूस! नवे नेमबाज ज्या मावळंकर स्पर्धेतून पुढे येतात, ती त्यांच्याच नावाची.

रायफलची खरेदी सध्या थांबवली आहे. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग एखाद्या रेंजवर जाऊन तिथलीच रायफल महिनाभर हातात घेऊन बघायची, असं ताईशी ठरलं. भाच्याने कार्ड परत दिलेलं नाही. घरी जाताना फूलबाग चौराह्यावरच्या साऱ्या दुकानांच्या पाट्या तो एक डोळा मिटून वाचत होता, आणि मी त्याचा हात धरून रस्ता ओलांडत होतो.