कॉम्प्युटर घ्यायचाय, पण कशासाठी?

परवा मुलुंडला आमच्या बचत गटाची बैठक आटोपली, चहा झाला आणि गटातली एक जण मागे रेंगाळली. "ताई, जरा बोलायचं होतं." घरी एक विक्रेता येऊन गेला होता. दहावीपर्यंतचा सगळा अभ्यास भरलेला लॅपटॉप, महिना अडीच हजारांचा हप्ता, 24 महिने. म्हणजे साठ हजार! ही चार घरी पोळ्या लाटते, नवरा रिक्षा चालवतो. सुरुवातीचे पैसे भरायला तिला गटाकडून कर्ज हवं होतं. "मुलगी सातवीत आहे ना. आत्ता नाही घेतला तर मागे पडेल, असं म्हणाला तो."

ही भीती माझ्या चांगली ओळखीची आहे. 2008 मध्ये आमचा मुलगा पहिलीत गेला, तेव्हा आम्हीही लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटर जुळवून आणला. पाठोपाठ दारावर आलेल्या एका गृहस्थांकडून अभ्यासाच्या सीडींचा मोठा संच घेतला. कॉम्प्युटरला क्रोशाचं कव्हर शिवलं, हेही सांगून टाकते. सीडीतले धडे मुलाच्या पुस्तकाशी जुळेनात. पंधरा दिवसांत तो कंटाळला आणि गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळू लागला. पुढे अभ्यासक्रम बदलला. विंडोज एक्सपीचा आधार कंपनीने एप्रिल 2014 मध्ये काढून घेतला. त्या काळातले कितीतरी हलते-बोलते धडे ज्या फ्लॅशवर चालत, ते 2020 च्या अखेरीस बंद झालं. आणि आजच्या बहुतेक लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. संच अजून माळ्यावर आहे.

म्हणून मी तिला विचारलं, "अगं, मुलगी त्यावर नेमकं काय करणार?" ती गप्प झाली. आपल्यापैकी किती जणींकडे याचं उत्तर असतं? आपण आधी यंत्र आणतो आणि काम मागाहून शोधतो. खरं तर उलट व्हायला हवं.

जो 'सगळा अभ्यास' विकत घ्यायचा, त्यातला बराचसा फुकट आहे. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. 2017 साली सुरू झालेल्या सरकारच्या 'दीक्षा'वर धडे आणि व्हिडिओ आहेत, आणि ते तर साध्या स्मार्टफोनवरही दिसतात. एवढंच पाहायचं असेल, तर कर्ज काढू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

कॉम्प्युटरची गरज लागते ती मुलांनी स्वतः काही करायचं असतं तेव्हा. 'जिओजेब्रा'मध्ये त्रिकोण काढायचा आणि त्याचा एक कोपरा धरून ओढायचा. तिन्ही कोन बदलत राहतात, पण बेरीज 180 अंशच राहते. हे मी वयाच्या चाळिशीनंतर पाहिलं आणि शाळेत पाठ केलेला नियम पहिल्यांदा कळला! 'स्क्रॅच'मध्ये रंगीत ठोकळे जोडून मुलं स्वतःची गोष्ट किंवा खेळ तयार करतात. फोनच्या इवल्याशा पडद्यावर ते नीट जमत नाही. दोन्ही विनामूल्य आहेत. शिकवायला कुणी नसेल, तर आपल्या पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठीतले धडे आहेत, तेही मोफत.

या कामांना भारी यंत्र लागत नाही. आठ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असली, की शाळकरी मुलाचं भागतं. जुना घ्यायलाही हरकत नाही, मात्र एक गोष्ट बघा. विंडोज 10 चा नेहमीचा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. विंडोज 11 ला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचं यंत्र स्वस्तात मिळतं ते उगाच नाही. त्यावर लिनक्स घालून देणारा माहितगार ओळखीचा असेल तर मात्र ते अजून काही वर्षं कामाला येईल. विक्रेत्याकडून पावती आणि लेखी हमी घ्यायला लाजू नका.

डेस्कटॉप की लॅपटॉप? डेस्कटॉप दुरुस्तीला सोपा, रॅमही पुढे वाढवता येते. पण दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे जेवणाची ताटं आणि अंथरूण एकाच जागी पडतं, तिथे मिटून फळीवर ठेवता येणारा लॅपटॉपच बरा.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. मुलीसाठी म्हणून कॉम्प्युटर येतो आणि थोड्याच दिवसांत पासवर्ड भावाला ठाऊक असतो, तिला नाही. ती भांडी घासून येईपर्यंत त्याचा खेळ रंगात आलेला असतो. घरोघरी मी हे पाहिलंय. तिची वेळ ठरवून भिंतीवर लिहा, आणि ती पाळली जातेय का यावर आईने नजर ठेवा.

गटाने तिचं कर्ज मंजूर केलं, पण त्या साठ हजारांच्या लॅपटॉपसाठी नाही. रक्कम निम्म्याहूनही कमी आहे. रविवारी आम्ही दोघी एका दुकानात वापरलेला लॅपटॉप बघायला जाणार आहोत. मुलीलाही बरोबर आण, असं सांगितलंय. की-बोर्ड तिनेच दाबून बघितलेला बरा.