रुपेरी पडद्याचे राष्ट्रीय दप्तर

किल्ले, ताम्रपट, पोथ्या आणि जुनी नाणी यांचे जतन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, याविषयी आज कोणी वाद घालीत नाही. परंतु चार घटका करमणूक करणारा सिनेमाही त्याच पंक्तीस बसविण्याच्या योग्यतेचा आहे, असे म्हटले की सुशिक्षित माणसाच्या ओठांवर अजूनही हसू उमटते. अमेरिकेच्या काँग्रेसने हा प्रश्न आपल्यापुरता १९८८ सालीच निकालात काढला. त्या वर्षी तेथे राष्ट्रीय चित्रपट जतनाचा कायदा संमत झाला आणि त्यान्वये ‘नॅशनल फिल्म रजिस्ट्री’ नावाची एक यादी सुरू झाली. सांस्कृतिक, ऐतिहासिक किंवा कलात्मक दृष्टीने महत्त्वाचे असे २५ अमेरिकन चित्रपट दरवर्षी या यादीत दाखल होतात. चित्रपट किमान १० वर्षे जुना असावा लागतो. नावे कोणाही नागरिकाने सुचवावीत, जाणकारांच्या मंडळाने सल्ला द्यावा आणि अखेरची निवड ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुखाने करावी, अशी तेथील रीत आहे. पहिली यादी १९८९ साली निघाली. २०२४ च्या यादीअखेर एकंदर संख्या ९०० झाली.

हा कायदा कोणाच्या सात्त्विक प्रेरणेतून जन्मास आला असे मात्र नाही. तो जन्मास आला भांडणातून. टेड टर्नर या धनाढ्य उद्योगपतीने १९८६ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनी विकत घेतली. कंपनी त्याच्या हाती फार काळ राहिली नाही, पण तिच्या जुन्या चित्रपटांचा साठा राहिला. कृष्णधवल चित्रपटांना यंत्राच्या साहाय्याने रंग फासून ते दूरचित्रवाणीवर दाखविण्याचा सपाटा त्याने लावला. आपल्या ‘द माल्टीज फाल्कन’ या १९४१ च्या चित्रपटाची ही दशा पाहून वृद्ध दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन संतापले. वुडी ॲलन, सिडनी पोलॅक, जिंजर रॉजर्स अशी मंडळी १९८७ साली सिनेटच्या समितीपुढे साक्षीस गेली. मालक म्हणत होता, माल माझा आहे, मी वाटेल ते करीन. कलावंतांचे म्हणणे होते की पैसे मोजून फीत विकत घेता येते; लोकांची आठवण विकत घेता येत नाही.

काँग्रेसने यातून काढलेला मार्ग व्यवहारी होता. मालकाची मालकी तिने हिरावून घेतली नाही. मात्र यादीतल्या चित्रपटात फेरफार केला असेल, तर तसे प्रेक्षकांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे, असे बंधन मूळ कायद्यात घातले. दुधात पाणी घालावयाचेच असेल तर घाला, पण हंड्यावर तसे लिहा, हाच त्याचा सरळ अर्थ. एवढ्या छोट्या कलमातून एक मोठे तत्त्व मान्य झाले. काही कृती अशा असतात की त्यांवर मालकाइतकाच समाजाचाही हक्क असतो, हे ते तत्त्व. खाजगी मालमत्तेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या देशाने ते कायद्याने मान्य करावे, याचे महत्त्व आम्हाला फार वाटते.

हे तत्त्व आधी कोणास सुचले नाही, त्याची किंमत अमेरिकेने पुरेपूर मोजली आहे. साधारण १९५० पर्यंतचे चित्रपट नायट्रेटच्या फितीवर निघत. ही फीत भयंकर ज्वालाग्राही. जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवीत असल्यामुळे पाण्यानेही विझत नाही. १९३७ साली न्यू जर्सीतील लिटल फेरी येथील गोदामाला आग लागली आणि फॉक्स कंपनीच्या मूकपटांचा बहुतेक साठा भस्मसात झाला. आगीतून जे वाचले त्यातले पुष्कळसे व्यापाऱ्यांनी मारले. बोलपट आले, मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही. मग जागा अडविणाऱ्या फिती कोणी फेकून दिल्या, कोणी त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी वितळविल्या. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत सुमारे ११,००० पूर्ण लांबीचे मूकपट निघाले. त्यांपैकी मूळ स्वरूपात आज शेकडा १४ च शिल्लक आहेत, असे लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो. परदेशी आवृत्त्या आणि हलक्या प्रतीच्या नकला जमेस धरल्या, तरी हा आकडा शेकडा २५ च्या पुढे सरकत नाही. दैव देते आणि कर्म नेते, ते असे.

त्याहून जुने काही चित्रपट वाचले, ते तर केवळ कारकुनी नियमामुळे. १९१२ पूर्वीच्या अमेरिकन कायद्यात चित्रपटाला स्वतंत्र स्थान नव्हते. म्हणून निर्माते आपल्या फितीतील चित्रे कागदाच्या गुंडाळ्यांवर छापून, छायाचित्रे म्हणून त्यांची नोंद करीत. त्या कागदी गुंडाळ्या ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहिल्या. मूळ फिती नष्ट झाल्यावर पुढे याच कागदांवरून पुन्हा चित्रण करून ३,००० हून अधिक लहानमोठे चित्रपट परत मिळविण्यात आले. कलेच्या अभिमान्यांना जे साधले नाही, ते दप्तर नीट ठेवणाऱ्या कारकुनांनी साधले!

आता या यादीत काय आहे ते पाहू. ‘सिटिझन केन’, ‘कासाब्लांका’, ‘गॉन विथ द विंड’ हे नामवंत चित्रपट पहिल्याच वर्षी तीत आले, आणि त्यात नवल काहीच नव्हते. तेवढेच असते तर हिला गौरवयादी म्हणून आम्ही पुढे गेलो असतो. यादीचा खरा कस १९९२ साली लागला. ग्रिफिथचा १९१५ चा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ त्या वर्षी निवडला गेला. चित्रणकलेत ज्याने नवे पर्व सुरू केले असे मानतात, त्याच चित्रपटाने निग्रोंचे खून पाडणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचा उदोउदो केला होता. मृतप्राय झालेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली आणि हा चित्रपट तिच्या भरतीचे साधन बनला. असा चित्रपट राष्ट्रीय ठेवा कसा, असा सवाल कोणीही करील.

त्याचे उत्तर त्याच वर्षाच्या यादीत, काही ओळी खाली, मिळते. तेथे ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा १९२० चा ‘विदिन अवर गेट्स’ आहे. मिशोचा बाप गुलाम म्हणून जन्मला होता. गोऱ्यांच्या जमावाने निरपराध कृष्णवर्णीयांना ठेचून, फासावर लटकावून मारण्याचे जे प्रकार राजरोस चालत, ते या चित्रपटात धीटपणे दाखविले होते. दंगल होईल या भीतीने शिकागोच्या परिनिरीक्षण मंडळाने त्यास आधी परवानगी नाकारली होती. पुढे अमेरिकेत त्याची एकही प्रत उरली नाही. १९७० नंतरच्या दशकात स्पेनच्या संग्रहालयात ‘ला नेग्रा’ या नावाखाली एक प्रत सापडली, आणि तिच्यावरून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला. ग्रिफिथच्या चित्रपटाला प्रती कमी पडल्या नाहीत. मिशोच्या चित्रपटाला परदेशात आसरा शोधावा लागला. आरोपी आणि फिर्यादी या दोघांचेही जबाब आज एकाच दप्तरात आहेत. त्यांतला एक काढून टाकला तर दुसऱ्याचा अर्थ पुरता कळणार नाही.

तिसरे नाव ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’. न्यू मेक्सिकोतील जस्ताच्या खाणीतील मजुरांच्या संपावर १९५४ साली निघालेला हा चित्रपट. त्याचा दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे आपले राजकीय मत सांगण्याचे नाकारून तुरुंगात जाऊन आला होता. चित्रण चालू असतानाच नायिका रोसाउरा रेव्हुएल्तास हिला मेक्सिकोस परत धाडण्यात आले. तयार झालेला चित्रपट दाखविण्यास बहुतेक चित्रगृहांनी नकार दिला. ज्या काँग्रेसने बिबरमनला तुरुंग दाखविला, तिच्याच ग्रंथालयाने त्याच्या कृतीवर राष्ट्रीय महत्त्वाची मोहोर उठविली. चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ही त्याच वर्षीचा. चॅप्लिन १९५२ साली लंडनला निघाला असता त्याचा परतीचा परवाना याच देशाने रद्द केला होता.

घरगुती चित्रणासही या दप्तरात जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, घरेदारे सोडावयास लावून छावण्यांत डांबले गेले. युटातील टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो याने चोरून आणलेल्या लहानशा कॅमेऱ्याने काही चित्रण केले. बर्फात खेळणारी मुले, प्रार्थना, रांगा यांखेरीज त्यात फारसे काही नाही. हे चित्रण १९९६ साली यादीत आले. दिग्दर्शनाचा गुण म्हणून त्याला शून्य द्यावे लागेल. पण साक्षीपुराव्याच्या तराजूत ते हॉलिवुडच्या पुष्कळ महापटांपेक्षा जड भरेल.

करमणुकीवर सरकारी पैसा का उधळावा, या आक्षेपाचे उत्तर वर आलेच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विषारी चित्रपट जपले म्हणजे विष जपल्यासारखे नाही काय? २०२० साली एका अमेरिकन कंपनीने गुलामगिरीचे गोडवे गाणारा म्हणून ‘गॉन विथ द विंड’ आपल्या संचातून काढून घेतला आणि थोड्याच दिवसांत, चित्रपट-इतिहासाच्या अभ्यासिका जॅकलिन स्ट्यूअर्ट यांची प्रस्तावना जोडून, पुन्हा दाखविला. हा दुसरा मार्गच आम्हाला योग्य वाटतो. जुना अपराध झाकल्याने तो घडलाच नव्हता असे होत नाही; पुढच्या पिढीला तो ओळखता येत नाही एवढेच.

तथापि, यादीत नाव आले म्हणजे चित्रपट वाचला, असे समजण्याचे कारण नाही. व्हर्जिनियातील कल्पेपर येथे, अणुयुद्धाच्या भीतीने नोटा साठविण्यासाठी बांधलेल्या भूमिगत कोठारात, २००७ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचा चित्रसंग्रह आहे. तेथील थंड दालने आणि तज्ज्ञ यांच्यामागे अविरत खर्च आहे. शिवाय निवडीची अंतिम सत्ता एका व्यक्तीच्या हाती असल्याने ती व्यक्ती निर्भय असणे अगत्याचे आहे. मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी ग्रंथालयाच्या प्रमुख कार्ला हेडन यांना तडकाफडकी दूर केले. या पदावरील त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय. ज्या दप्तरात मिशो आणि बिबरमन यांची साक्ष आहे, त्याच्या किल्ल्या राज्यकर्त्यांच्या मर्जीवर फिरू लागल्या तर पुढच्या याद्यांत केवळ गोड आठवणीच उरतील, ही भीती अनाठायी नाही.

या बाबतीत आपणही अमेरिकेचे ऋणी आहोत. सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या मूळ फिती १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या. त्या जपून ठेवून, ‘पथेर पांचाली’सह ‘अपू’ची तिन्ही चित्रे २०१५ साली पुन्हा उजळून देण्यात ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीचा मोठा वाटा आहे. आणि आपण? १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज कोठेही पाहावयास मिळत नाही. पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी गावोगाव हिंडून जे जमविले, त्यातल्या नायट्रेटच्या फिती जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच जळाल्या.

आपल्या दप्तरात सोयीचे कागद ठेवावेत आणि गैरसोयीचे जाळावेत, हा मोह प्रत्येक राज्यकर्त्याला होतो. अमेरिकेने तो आजवर बऱ्याच अंशी टाळला, हे तिच्या यादीचे खरे भूषण आहे. यापुढेही तो टाळावयाचा असेल, तर पैसा आणि थंड कोठारे यांबरोबरच ग्रंथपालाची खुर्चीही सुरक्षित राहिली पाहिजे.