बाळंतिणीला शिधा नको, गरम डबा द्या



आमच्या म्हाळुंग्यात चाळीच्या एका खोलीत राहणाऱ्या बाळंतिणीचा सव्वा महिना कोण सांभाळतं? शेजारची बीडकडची मुलगी सिझेरियन होऊन घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी गॅसपुढे उभी राहिली. नवरा कंत्राटी कामगार, खाडा केला की रोज बुडतो. मी चार दिवस हळिवाची खीर, भाकरी-भाजी नेऊन दिली. पुढे माझी कामावरची पहिली पाळी सुरू झाली.

‘माहेरी का नाही गेली?’ असं लोक सहज विचारतात. तिची आई ऊसतोडीला गेली होती. माहेराला कुलूप होतं.

डिंकाचे लाडू, शेक, अंगाला तेल या सगळ्याला घरात दुसरी बाई लागते. कारखान्यांनी जोडपी इथे आणली, सासू आणि आई गावाकडेच राहिल्या. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषद सांगते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या काळातला मोफत आहार हा तिचा हक्क ठरवला आहे. पण अंगणवाडीतून हातात पडतो तो घरी न्यायचा शिधा. तो शिजवायचा कुणी? टाके ओले असलेल्या बाईनेच!

राज्य सरकारने २०१५ साली आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना आणली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं, चौरस जेवण मिळतं. मग आमच्या चाकण, भोसरीच्या कारखाना-पट्ट्यातल्या बाळंतिणीलाच ते का नाही? तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत गरम आहार येतोच. त्यात बाळंतिणीचा डबा वाढवता येईल, मात्र तो घरपोच हवा. बाळंतीण कुठल्या खोलीत आहे हे आशाताईंना ठाऊक असतं, कारण ४२ दिवसांत त्यांच्या सहा घरभेटी ठरलेल्या आहेत. आणि पैशाचं म्हणाल, तर मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचेच असतात.

जिल्हा परिषद आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने किमान ४२ दिवसांचा डबा सुरू करावा. नाव नोंदवताना भाडेकरार मात्र मागू नये. आमच्या चाळीत तो कुणाकडेच नाही.

– एक कामगार वाचक, म्हाळुंगे (ता. खेड)